१०१७

आयटीआय सिग्नलपाशी चहा घेऊन
सातपूरच्या सर्व्हर रूममध्ये पोचले तेव्हा
एसीचं पाणी बादलीत टपटपत होतं
आणि एचआरची मेल येऊन पडली होती, एका ओळीची:
विश्राम खैरनार, डिझाइन, दिवंगत. खाते बंद करावे.

बंद करणं म्हणजे एक कमांड.
दिली. नाव गेलं.

फायली राहिल्या.
बावीस वर्षांची व्हॉल्व्हची ड्रॉइंगं,
आणि मालकाच्या रकान्यात, जिथं सकाळपर्यंत विश्राम होतं,
तिथं १०१७.
मशीन त्यांना आधीपासून नंबरानंच ओळखायचं,
नाव आपलं आपल्या सोयीला.

आयटी विभाग नव्हता तेव्हा हे सगळं तेच बघत.
मला पहिल्या आठवड्यात शिकवलं, जेवणाच्या डब्याच्या झाकणावर
लोणच्याच्या तेलात बोट बुडवून:
चार वाचायला, दोन लिहायला, एक चालवायला.
बेरीज कर. तीन आकडे मांड.
पहिला आपला, दुसरा गटाचा, तिसरा उरलेल्या गावाचा.

फोल्डरवरचा एक मात्र वेगळा, म्हणाले,
तो उंबरा ओलांडायचा.
वाचता येतं पण हा एक नाही, तर रात्रीचा सराफ बाजार:
पाट्या वाच, शटरं बंद.
हा एक आहे पण वाचता येत नाही, तर भद्रकालीतला बोळ:
पाटी कुठंच नाही,
नाव ठाऊक असेल तर सरळ त्या दारात.

आणि सगळ्यांचं मिळून एक टेम्प फोल्डर असतं,
गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारासारखं.
पथारी कुणीही टाकावी,
दुसऱ्याची उचलू नये.

रफिक तांबोळी लेथवर. म्हणजे तिसरा आकडा,
म्हणजे शून्य.
त्यांना ड्रॉइंग मिळायचं ते कागदावर, शिक्का मारून.
एकदा त्यांनी कागदाच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलं:
इथं ०.०२ बसत नाही साहेब, गळतंय.
डिझाइनमध्ये कुणी हसलं.
खैरनार हसले नाहीत. चष्मा पुसला,
आणि कुणाला न विचारता रफिकभाईंना डिझाइनच्या गटात टाकलं.

पाच मिनिटांनी रफिकभाई दारात: उघडत नाही हो.
बाहेर पडा, म्हणाले, लॉगआउट करा आणि परत या.
तुम्ही आत आलात तेव्हा गटात नव्हता,
मशीनला अजून तेच आठवतंय.

आज मी रूट आहे. रूटला कुणी अडवत नाही,
म्हणून जरा हळू चालते.
सगळ्या फायलींची यादी काढली,
मालक १०१७, मालक १०१७,
आणि मध्येच एक वेडी परवानगी:
शून्य, सहा, शून्य.
स्वतःला काही नाही. गटाला वाचायला, लिहायला. गावाला काही नाही.
आधी वाटलं, हात चुकला.
मालक असला की मशीन पहिलाच आकडा बघतं,
दुसऱ्यापाशी जातच नाही.
म्हणजे अख्खं डिझाइन ती फाइल उघडू शकत होतं,
एकटे खैरनार सोडून.
त्यांना कुलूप काढता आलं असतं केव्हाही,
मालकाला तेवढं येतंच.

फाइलचं नाव: माझ्या चुका.

उघडली. तेरा जणांचे हात त्यात,
कुणी तिखट, कुणी नुसता पान नंबर.
शेवटची नोंद डिसेंबरातली, रफिकभाईंची:
पान ११. आता ०.०५ ठेवलंय, गळत नाही.
कळवायचं होतं.

एचआरचा फोन. झालं का?
झालं, म्हटलं.

मालक कुणाला करू, ते अजून ठरत नाही.
तोवर १०१७ असू दे,
फक्त हा नंबर चुकूनही नव्या पोराला द्यायचा नाही,
नाहीतर पहिल्याच दिवशी
सगळ्या ड्रॉइंगांचा मालक होऊन बसेल बिचारा,
आणि ती एक फाइल तेवढी
त्याला उघडायची नाही.

बादली भरली होती. ओतून आले.